चेकरचा पेशन्स

हॉस्पिटलात तिला सगळे अटबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण ती लिफ्टमध्ये शिरली की आतलं बोलणं तुटायचं आणि ती उतरली की पुन्हा सुरू व्हायचं, त्यावरून तिला काय समजायचं ते समजे. नर्सेसच्या ड्युट्या लावणं हे तिचं काम. पूर्वी ते मेट्रन पेन्सिल आणि खोडरबर घेऊन करायची, आणि दर महिन्याला निम्मा स्टाफ मेट्रनशी बोलणं टाकायचा. मग अटबाई आली आणि काम मशीनकडे गेलं. आता बोलणं टाकायचं तर मशीनशी टाकावं की नाही? पण लोक अटबाईशी टाकू लागले.

कामाची रीत अशी होती की मशीनला 'आधी हे कर, मग ते कर' असं काही सांगायचं नाही. काय चालणार नाही, तेवढंच सांगायचं. नाईट करून गेलेलीला लगेच सकाळची ड्युटी नको. अतिदक्षता विभागात एक तरी जुनी जाणती नर्स हवी. दोन सख्ख्या जावा एका वॉर्डात नकोत. ही अट मेट्रननं स्वतः येऊन, दार लावून सांगितली होती. अशा अटी एकदा लिहून दिल्या की मशीन एकेक वाट चाचपत जातं, आणि सगळ्या अटी पाळणारी मांडणी सापडली की समोर ठेवतं. नाहीच सापडली तर पडद्यावर दोन शब्द येतात: उत्तर नाही.

हे दोन शब्द अटबाईचे फार लाडके. कुणी रजेसाठी हुज्जत घालायला आली की ती पडदा तिच्याकडे फिरवायची आणि म्हणायची, "बघा. मी नाही म्हणत नाहीये, मशीन म्हणतंय." समोरची अर्ज घेऊन परत जायची. माणूस नाही म्हणतो तेव्हा त्यात आळस असतो, राग असतो, जुना हिशेब चुकता करायचा असतो. मशीनला यातलं काही नसतं, असं तिचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पण मशीनला अटी सांगणाऱ्या बाईला यातलं बरंच काही असू शकतं, हे तिच्या डोक्यात शिरायला तिला सख्ख्या बापाला मोडीत काढावं लागलं.

बाप बसमध्ये तिकीट चेकर होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आळीत त्याला चेकरच म्हणत. नाकासमोर चालणारा माणूस. एकदा सख्ख्या मेव्हण्याला बिनतिकीट पकडून त्यानं भरल्या बसमध्ये खाली उतरवलं होतं. मेव्हण्यानं पुढं त्याच्या दारात पाऊल टाकलं नाही आणि चेकरलाही त्याचं काही वाटलं नाही. बायको गेल्यावर तो टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटा राहायचा. खाली दिवसभर हातोड्याचे आवाज आणि रबराचा वास. त्याला ते आवडायचं. म्हणायचा, "वर शांतता मिळणारच आहे, आत्तापासून कशाला?"

दुपारी तो खिडकीशी इस्त्रीचं टेबल ओढून पेशन्स लावायचा. डाव दिसायला साधा. चार एक्के मधोमध मांडायचे, बाकीचे सगळे पत्ते आठ रांगांत उघडे पसरायचे. इस्पिकच्या एक्क्यावर इस्पिकची दुर्री, मग तिर्री, अशी प्रत्येकाची चळत राजापर्यंत चढवत न्यायची. रांगांमध्ये मात्र उलटं: कुठल्याही सत्तीवर कुठलीही छक्की ठेवता येते, छक्कीवर पंजी, आणि एका वेळी टोकाचा एकच पत्ता हलवायचा. सगळे पत्ते उघडे. नशिबाला बोल लावायला जागा नाही. चेकरला नेमकं हेच पसंत होतं.

शिवाय एक घरचा नियम होता. वर चढवलेला पत्ता अडचण पडली तर पुन्हा खाली रांगेत आणता यायचा. लेक लहान असताना "ही तर चिटिंग!" म्हणून ओरडली होती, तेव्हा तो म्हणाला होता, "अगं, बसमध्ये चढणाऱ्याला तिकीट लागतं. उतरणाऱ्याला कसलं तिकीट?"

लेक मोठी होऊन अटबाई झाली. रविवारी ती बापाकडे जायची. एकदा तिनं पाहिलं, टेबलावर अडलेला डाव वर्तमानपत्राखाली झाकून ठेवलाय आणि बाप त्याच्याभोवती घिरट्या घालतोय.

"बाबा, याला उत्तर आहे की नाही हेच तुम्हाला माहीत नाही. मग बसता कशाला डोकं फोडत?"

"ते कळेल कसं?"

"मी सांगते ना."

हॉस्पिटलात जेवणाच्या सुटीत तिनं पेशन्सच्या अटी लिहून काढल्या. अटी लिहिणं म्हणजे तिच्या डाव्या हाताचा मळ. पण मशीन काही केल्या उत्तराला येईना. पाहिलं तर एखादा पत्ता वर जायचा, खाली यायचा, परत वर, परत खाली, आणि मशीन त्याच गोल गोल फेऱ्यांत अडकून बसायचं. मग तिनं या धंद्यातले लोक करतात तेच केलं. आपल्या पदरची एक अट घातली: एकदा वर गेलेला पत्ता खाली येणार नाही. शेजारी टीप लिहिली, तात्पुरतं, वेग यावा म्हणून. मशीन लगेच पळू लागलं. त्या एका उतरणाऱ्या पत्त्यानं असा काय फरक पडणार, नंतर सवडीनं बघू, असं तिनं ठरवलं. हॉस्पिटलच्या आवारात एक तात्पुरती शेड होती, ती अटबाई नोकरीला लागण्याच्याही आधीपासून उभी होती.

बापाला मात्र या सगळ्याची गंमत वाटू लागली. मशीनचं नाव त्यानं साहेब ठेवलं. रविवारी ती मांडलेल्या डावाचा फोटो घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी बापाचा फोन यायचा, "काय, साहेबांनी पास केला का?" पास म्हटलं की तो हुरूपानं बसायचा आणि डाव सुटला की पुन्हा फोन. बापलेकीचं इतकं बोलणं गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं. हे सुख खरं होतं, ते तिच्यापासून कुणी हिरावून घेऊ नये.

मग एका डावाला मशीन म्हणालं, उत्तर नाही.

"मोडा तो, बाबा. तो सुटणारच नाही."

"मला नाही सुटणार?"

"कुणालाच नाही. साहेबांनी सगळ्या वाटा तपासल्यात."

"बरं," चेकर म्हणाला. पण डाव त्यानं मोडला नाही.

आता इथं दादाबद्दल सांगायला हवं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, सरळ, काळजीखोर, बायकोमुलांत रमलेला. त्याच्या मनानं घेतलं होतं की बाबांचं डोकं आता पूर्वीसारखं चालत नाही. एकदा दूध गॅसवर ठेवून बाबा खाली टायरवाल्याशी गप्पा मारत बसले. एकदा किल्ली बाहेरून कुलपालाच लटकत राहिली. डॉक्टर म्हणाले होते, वय झालंय, लक्ष ठेवा. म्हणजे काहीच म्हणाले नव्हते. दादाला त्यांना आपल्या घरी न्यायचं होतं. बाबा म्हणत, माझं डोकं ठिकाणावर आहे, खोल्या सोडणार नाही. अटबाई मधल्या मध्ये मूग गिळून बसायची. दोघंही तिच्या निवाड्याची वाट बघत होते, कारण घरात शेवटचा शब्द तिचा असायचा. तिला तसं वाटायचंही.

त्या रविवारी सगळे दादाकडे जेवायला जमले होते. चेकर कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि बूट काढायच्या आधीच म्हणाला, "सुटला!"

"काय सुटलं बाबा?" वहिनीनं विचारलं.

"हिच्या साहेबांनी नापास केलेला पेशन्स. काल दुपारी. शेवटचा राजा ठेवला आणि मी उभाच राहिलो बघ."

अटबाई हसली. हॉस्पिटलात रजा मागायला आलेल्यांसाठी ती जे हसू राखून ठेवायची, तेच हे.

"बाबा, तो सुटणं शक्य नाही."

"अगं, पण सुटला."

"एखादा पत्ता इकडचा तिकडे गेला असेल."

"मी?" चेकर म्हणाला. "मी पत्ता इकडचा तिकडे करीन?"

शहाण्या माणसानं इथं 'वा बाबा' म्हणून ताट पुढं ओढलं असतं. बाप खूश होता, वहिनीनं मनापासून रांधलं होतं, आणि पेशन्स सुटला काय, न सुटला काय, जगाचं काय अडणार होतं? पण हिचं अडत होतं. हिच्या मशीनला कुणीतरी खोटं म्हटलं होतं, तेही भावजयीसमोर. तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला, ताटवाट्या सरकवून टेबलावर ठेवला आणि पडदा बापाकडे फिरवला.

"मुद्दाम केलंत असं नाही म्हणत मी," ती मायेनं म्हणाली. होय, मायेनंच. "पण तुमच्या लक्षात राहिलं नसेल."

दादाचा चमचा हवेत थांबला. "बघ," तो बहिणीला म्हणाला, "मी इतके दिवस वेगळं काय सांगत होतो?"

चेकर म्हणाला, आत्ता सोडवून दाखवतो. मुलांच्या खोलीतून पत्ते आले. अटबाईनं फोटोत बघून तोच डाव मांडून दिला. चेकर खेळू लागला आणि सगळे बघू लागले. पहिले पत्ते भराभर गेले, मग त्याचा हात मंदावला. त्यानं चळतीवरची एक छक्की उचलली, परत ठेवली. नातवंडं चुळबुळू लागली. "इथून... इथून मी काहीतरी केलं होतं," तो म्हणाला. कपाळावर घाम. काल खिडकीशी एकट्यानं बसून जी वाट सापडली, ती एवढ्या डोळ्यांसमोर कशी सापडावी?

"राहू द्या बाबा," वहिनी हळूच म्हणाली. "जेवण गार होतंय."

चेकरनं पत्ते गोळा केले, टेबलावर ठोकून कडा जुळवल्या. कुणाकडेही न बघता म्हणाला, "असेल. झाला असेल इकडचा तिकडे."

ज्यानं उभी हयात दुसऱ्यांच्या कबुल्या घेतल्या, त्यानं न केलेल्या गोष्टीची कबुली दिली, आणि ती देताना त्याला ती खरी वाटत होती. पत्ता आपल्या हातून सरकला आणि आपल्याला पत्ताही नाही, म्हणजे आपलं काहीच सांगता येत नाही, असं तो धरून चालला. चारच दिवसांत त्यानं आपण होऊन दादाला फोन केला. म्हणाला, तू म्हणतोस ते बरोबर आहे, मला घेऊन जा. खोल्या टायरवाल्यानं घेतल्या, माल ठेवायला. सामान बांधायला अटबाई गेली होती. आपण वेळेवर लक्षात आणून दिलं, नाहीतर एखाद्या दिवशी भलतंच झालं असतं, असं म्हणत तिनं इस्त्रीचं टेबल भंगारवाल्याला देऊन टाकलं.

दादाकडे चेकरला कशाची ददात नव्हती. वेळेवर चहा, वेळेवर औषध. पत्ते मात्र त्यानं मांडले नाहीत. अटबाईनं एकदा विचारलं तर म्हणाला, "नको. उगाच चुकायचं." चहात साखर घातली का, हेही तो वहिनीला दोनदा विचारून घेऊ लागला. दार लावलं की परत जाऊन बघायचा, लावलंय ना. दादा म्हणे, बघ कसे उतरत चाललेत. अटबाईही मान हलवी.

यानंतर पुष्कळ दिवसांनी हॉस्पिटलच्या इतर शाखांतून काही मंडळी ड्युट्या लावण्याचं हे तंत्र शिकायला आली. नर्सेसच्या ड्युट्यांनी लोक पेंगतात, तेव्हा सुरुवात पेशन्सनं करावी, असं अटबाईला सुचलं. तोच न सुटणारा डाव तिनं भिंतीवर मोठा करून लावला. "मशीन नाही म्हणालं की नाही," ती म्हणाली. "एका गृहस्थांनी तर हा सुटला म्हणून छातीठोक सांगितलं होतं." लोक हसले. 'एक गृहस्थ' म्हणताना तिची जीभ अडखळली नाही, हे नोंदवून ठेवतो.

मग ती एकेक अट मोठ्यानं वाचून समजावू लागली. एका वेळी एकच पत्ता हलेल. रांगेत उतरता क्रम. चळतीत चढता क्रम. एकदा वर गेलेला पत्ता खाली येणार नाही. आणि शेजारी तिच्याच शब्दांत: तात्पुरतं, वेग यावा म्हणून.

ती थांबली. लोकांना वाटलं, पाणी प्यायला थांबली असेल.

तिनं ती ओळ खोडली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. "चहा घेऊन या तोवर," ती म्हणाली. लोक चहा घेऊन आले तेव्हा भिंतीवर उत्तर होतं. सगळ्या चाली, एकाखाली एक. मध्यावर कुठंतरी बदामाची छक्की वरून खाली सत्तीवर उतरत होती, तिच्यावर एक पंजी येत होती, आणि तिथून पुढं सारा डाव मोकळा होत गेला होता. तीच छक्की, जी त्या दिवशी बापानं उचलून परत ठेवली होती. सगळ्यांचे डोळे अंगावर असताना, चिटिंग म्हणतील म्हणून तर त्यानं ती खाली घ्यायचं टाळलं नसेल, असं तिच्या मनात आलं आणि तिचे कान तापले. पुढं काय शिकवलं ते तिला आठवत नाही. शिकवणी संपवून ती धुलाईच्या खोलीशेजारच्या जिन्यात जाऊन बसली. लाज तिला यापूर्वीही वाटली होती, चारचौघांना वाटते तशी, कुणी पाहिलं तर वाटते तशी. ही वेगळी होती. इथं कुणीच पाहिलेलं नव्हतं. मेट्रन जिन्यातून वर गेली, "बरं नाही का?" म्हणाली, तर हिला तिच्या तोंडाकडेही बघवेना.

तिनं दादाला फोन लावला. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, आता सांगून काय उपयोग? खोल्या गेल्या. ते इथं रुळलेत. उगाच जुनं उकरून त्यांच्या डोक्याला ताप."

तिला हे ऐकून हायसं वाटलं. हे हायसं वाटणं तिला त्या चुकीपेक्षाही जास्त लागलं. म्हणून, केवळ म्हणून, ती रविवारी गेली. नाहीतर ती गेली नसती, याची मला खात्री आहे.

चेकर दादाच्या बाल्कनीत बसला होता. वहिनीनं खुर्ची आणून दिली आणि काहीतरी ओळखून आत निघून गेली. अटबाईनं सांगायला सुरुवात केली, आणि जी बाई भरल्या हॉलमध्ये घडाघडा बोलते तिला वाक्य जुळवता येईना.

"बाबा, तो पेशन्स तुम्हाला सुटला होता. खराखुरा. चूक माझी होती. मी एक जास्तीची अट घातली होती मशीनला. पत्ता खाली आणायचा नाही म्हणून. ती काढली आणि उत्तर आलं."

चेकरनं शांतपणे ऐकलं. मग तिच्या हातावर हात ठेवला.

"अट काढलीस?"

"हो."

"माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी नाही हो बाबा! ती अट चुकीचीच होती. खाली आणायचा नियम तुमचाच आहे. तुम्हीच शिकवलात मला, लहानपणी."

"असेल," चेकर म्हणाला. तो हसत होता. असं हसू तिनं पूर्वी पाहिलेलं होतं. बसमध्ये कुणी म्हाताऱ्या बिनतिकीट प्रवाशाची बाजू घेऊन खोटं बोलू लागलं की त्याच्या तोंडावर यायचं. "माणसानं आपल्या माणसासाठी एवढं करावं. पण साहेबांना खोटं बोलायला लावू नकोस गं. तुझी नोकरी आहे ती."

ती रडू लागली. तो घाबरला. तिची समजूत काढावी म्हणून स्वतःच म्हणाला, "बरं, मांड. मांड तो डाव. खेळतो मी."

तिनं बाल्कनीतल्या स्टुलावर डाव मांडला. पत्ते तिरके पडत होते. चेकर पुढं वाकला. नजर रांगांवरून फिरली आणि क्षणभर तिला वाटलं, दिसतंय त्यांना, सगळं दिसतंय. त्यानं हात पुढं केला. बोट एका पत्त्यावर टेकलं. तो बरोबर पत्ता होता. मग त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"हा हलवू?"

"बाबा, तुम्हाला वाटेल तो हलवा."

"नको, नको. तू सांग. तुझ्याकडे उत्तर आहे ना?"

ती म्हणाली, तुम्हीच खेळा. तो हात मांडीवर ठेवून वाट बघत बसला. शेवटी तिनं फोन उघडला आणि चाली वाचायला लागली. ती वाचायची, तो हलवायचा, नीट, कडा जुळवून, प्रत्येक वेळी तिच्याकडे बघून. बदामाची छक्की खाली आली तेव्हाही त्यानं विचारलं, "चालेल ना?" आणि तिला म्हणावं लागलं, "चालेल, बाबा."

शेवटचा राजा ठेवून झाल्यावर चेकरनं तिच्या पाठीवर थाप मारली. तो खरोखर खूश होता, तिच्यासाठी.

"सुटला बघ," तो म्हणाला, "तुझा पेशन्स."